टेबलाकडे तोंड, गिऱ्हाइकांकडे पाठ

२०२१ च्या शरदात डब्लिनच्या स्मिथफील्ड भागातला 'कॉबलस्टोन' हा पब अचानक बातम्यांत आला. संगीताचं व्यसन जडलेला दारूचा गुत्ता, अशी स्वतःची ओळख मिरवणारी ही जागा. तिथं नऊ मजली हॉटेल उभारायचा बेत होता. पबाचा दर्शनी भाग राहणार होता, पण मागच्या बाजूला जिथं वाजवणं-शिकणं चालतं ती खोली जाणार होती. लोक फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बासऱ्या घेऊन रस्त्यावर उतरले, हरकतींचा ढीग साचला आणि नोव्हेंबरात महापालिकेनं परवानगी नाकारली. निकाल चांगला लागला. वाद मात्र वाईट झाला, आणि तो अजून तसाच चालू आहे. पश्चिमेकडच्या क्लेअर किंवा केरी परगण्यातल्या एखाद्या गावचा पब बंद पडला, कुणी वादकांपुढे मायक्रोफोन आणून ठेवला, बसमधून उतरलेल्या पाहुण्यांनी रील ही नाचाची धून चालू असताना टाळ्यांचा ठेका धरला, की ठरलेली दोन भाषणं पुन्हा ऐकू येतात.

पहिलं भाषण परंपरेच्या कैवाऱ्यांचं. आयरिश खेड्यातल्या पबात, शेकोटीजवळच्या कोपऱ्यात, शतकानुशतकं फिडल वाजत आलं. पर्यटकांनी आणि पैशानं ते नासवलं. दुसरं भाषण शहाण्यांचं. त्यांनी इतिहास वाचलेला असतो. पबातलं 'सेशन', म्हणजे वादकांनी एकत्र बसून वाजवणं, ही जेमतेम सत्तर-पंचाहत्तर वर्षांची गोष्ट, तीही बरीचशी लंडनमध्ये रुजलेली. तेव्हा अस्सलपणाचे गहिवर आवरा, काय टिकायचं ते बाजार ठरवेल. माझ्या मते इतिहासाबाबत हे दुसरे बरोबर आहेत आणि निष्कर्षाबाबत दोघंही चुकले आहेत. सेशनची किंमत त्याच्या वयात नाही, मांडणीत आहे. सात-आठ माणसं एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि उरलेल्या पबाकडे त्यांची पाठ असते. वाजवायचं ते शेजारच्यासाठी. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकलं. आपल्याकडच्या गावच्या भजनी मंडळात जसं कुणी तिकीट काढून आलेलं नसतं आणि टाळ धरता येणाऱ्याला पंगतीत जागा मिळते, तसंच हे. ही मांडणी शाबूत असली तर पर्यटक, पैसा, नवी वाद्यं सगळं पचतं. ती मोडली तर कितीही जुन्या भिंतींच्या आत, शेकोटीत जळणाऱ्या कितीही खऱ्या पीटच्या (दलदलीतल्या मातीच्या जळणाच्या) धुरात वाजवा, उरतो तो निव्वळ कार्यक्रम.

इतिहासाची बाजू एकदा मोकळेपणानं मान्य करू. ग्रामीण आयर्लंडमधलं फिडल हे नाचाचं वाद्य, आणि त्याची जागा होती स्वयंपाकघर नाहीतर गावाबाहेरचा चौरस्ता. शेजारीपाजारी एखाद्या घरी जमत, सामान भिंतीला सारलं जाई, कोपऱ्यात फिडलवाला, बहुतेकदा एकटाच, आणि समोर दगडी फरशीवर सेट हा जोडप्यांचा नाच नाचणारी माणसं. १९३५ साली सार्वजनिक नाचगृहांचा कायदा आला. कायद्यात परवान्याची सक्ती होती ती सार्वजनिक नाचांना. पण बऱ्याच गावांत पाद्री आणि पोलिसांनी तोच सोटा घरगुती नाचांवर उगारला. पश्चिम क्लेअरचा फिडलवादक ज्युनियर क्रीहन (१९०८-१९९८) त्या घरांच्या ओसाडपणाबद्दल आयुष्यभर हळहळत राहिला. मग आलं १९५० चं दशक. चार लाखांहून अधिक माणसं देश सोडून गेली, त्यातली बहुसंख्य इंग्लंडला. लंडनच्या बांधकामांवर राबणाऱ्या या लोकांना भाड्याची खोली मिळे, स्वतःचं स्वयंपाकघर मिळत नसे. घरमालकीण रात्री दहाला फिडल कशाला वाजवू देते? म्हणून ते पबात गेले. कॅम्डन टाउनच्या 'बेडफर्ड आर्म्स'मध्ये, हॉलोवे रोडजवळच्या 'फेव्हरिट'मध्ये. स्लायगोचा मायकेल गॉर्मन, क्लेअरचा बॉबी केसी, केरीची जुलिया क्लिफर्ड, गॉलवेची लूसी फार ही माणसं मायदेशी आपापल्या गावात राहिली असती तर एका टेबलाशी कधी बसली असती की नाही, शंकाच आहे. तिकडे आयर्लंडमध्ये १९५१ साली मलिंगार इथं कोल्तस ही संगीतकारांची संघटना स्थापन झाली आणि तिचा 'फ्ला' हा उत्सव सुरू झाला. उत्सवाच्या गावात स्पर्धेच्या मंडपात वाजे त्याहून जास्त रस्त्यावर आणि पबांत वाजू लागलं. साठच्या दशकात ही सवय खेड्यापाड्यांत पोचली. म्हणजे फिडल गावच्या पबात आलं ते बरंचसं लंडनचा फेरा मारून.

पण त्यामुळे सिद्ध काय झालं? १८९३ साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीची गेलिक लीग. आयरिशांचा 'प्राचीन' सामुदायिक नाच म्हणून जो केली आज दाखवला जातो, तो याच लीगच्या लोकांनी १८९७ मध्ये पहिल्यांदा भरवला, तोही लंडनला. परक्या राज्याखालच्या दोन समाजांनी एकाच सुमाराला जुन्या सामानातून नवी सार्वजनिक घरं बांधली. सार्वजनिक गणपती टिळकांच्या काळातला आहे हे दाखवून दिलं म्हणजे तो खोटा ठरतो, असं आपल्याकडे कुणी शहाणा म्हणत नाही. मंडळं त्याचं काय करतात यावर आपण भांडतो, आणि भांडण तिथंच असायला हवं. शिवाय जुनेपणाचा सोस धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरवून एडवर्ड बंटिंग या तरुणाला त्यांच्या धुना लिहून घ्यायला बसवलं, ते ही विद्या आता संपणार या भीतीपोटीच. या संगीताच्या मरणाची बातमी सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ येते आहे.

आता विरोधी बाजूचा सगळ्यांत जोरकस मुद्दा. तो सहसा वृत्तपत्रांतून मांडला जात नाही, वादकच खासगीत बोलतात. तो असा, की सेशननं फिडलचं नुकसान केलं. एकटा वादक नाचणाऱ्यांसाठी वाजवी तेव्हा त्याच्या गजाची लकब ऐकू येई. डोनेगॉलचा जॉन डोहर्टी आखूड, तुटक गजानं वाजवायचा, सूर जणू सुटे सुटे खणखणायचे. पूर्व क्लेअरमध्ये चाल संथ, सुराला किंचित उदास कल. कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या स्लीव लूक्रात रीलपेक्षा पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या धुनांचंच राज्य. दहा जणांच्या घोळक्यात या लकबी कुठे राहणार? सगळे एकच धून वाजवतात, प्रत्येक जण आपापल्या हरकतींसह, आणि हरकती एकमेकींत बुडून जातात. त्यात दोन गिटार आणि तीन बॉरान, म्हणजे हातात धरायचे चामड्याचे डफ, असले की बघायलाच नको. (बॉरान कशानं वाजवावं, या प्रश्नाला प्रसिद्ध पायपर, म्हणजे आयरिश बॅगपाइप वाजवणारा, शेमस एनिस यानं 'चाकूनं' असं उत्तर दिल्याची आख्यायिका आहे, फिडलवाले ती फार मायेनं सांगतात.) वेग वाढतो, कारण गर्दीत वेगच ऐकू येतो. मंद एकल धून, जिच्यात फिडलची खरी कसोटी, ती बाजूला पडते. आणि ज्या नाचासाठी हे सगळं जन्मलं तो नाच तर टेबलं-खुर्च्यांमुळे पबातून बाहेरच गेला.

यातलं बरंचसं खरं आहे. पण आरोपी चुकीचा पकडला आहे. प्रादेशिक लकबी पुसायला सुरुवात केली ती ग्रामोफोननं. स्लायगोचा मायकेल कोलमन १९१४ मध्ये अमेरिकेला गेला आणि विसाच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. त्या आयर्लंडच्या खेड्यांत परत आल्या आणि घरोघरचे वादक आपली चाल सोडून कोलमनची उतरवू लागले. तो होताच तेवढा मोठा. त्यानंतर रेडिओ आला, केली बँड आले, स्पर्धांचे परीक्षक आले. पबातलं टेबल या रांगेत बरंच मागे उभं आहे. उलट पुरावाही आहे. जुलिया क्लिफर्ड स्लीव लूक्राच्या पॉड्रिग ओ'कीफची शिष्या. हा माणूस शाळामास्तरकी सुटल्यावर पायी हिंडत फिडल शिकवायचा, आणि चार तारांसाठी बोटांचे आकडे मांडायची त्याची स्वतःची लिपी होती. जुलिया लंडनच्या पबांत वर्षानुवर्षं स्लायगोवाल्यांच्या आणि क्लेअरवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसली, आणि तरी तिचे पोल्का आणि स्लाइड शेवटपर्यंत तिच्या डोंगराचेच राहिले. पूर्व क्लेअरच्या फीकलजवळ वाढलेल्या मार्टिन हेजचं मंद, जवळजवळ ध्यानस्थ फिडल आज जगभर ऐकलं जातं. तो लहानपणी वडिलांच्या टला केली बँडमध्ये वाजवत होता, म्हणजे घोळक्यातच वाढला. स्वतःची चाल घेऊन आलेल्याला टेबल ती विसरायला लावत नाही. चाल नसलेल्याला मात्र ते सगळ्यांसारखं वाजवायला शिकवतं, आणि चाल घडवणारं काम, एकट्यानं नाचासाठी वाजवणं, ते करत नाही. ही मर्यादा आहे, आणि ती मान्य करायला हवी. पण एखादी जागा एक काम करत नाही म्हणून ती दुसरं करते तेही नको, हा कुठला न्याय?

ते दुसरं काम म्हणजे अनोळखी माणसाला आत घेणं. फ्रान्सिस ओ'नील या शिकागोच्या पोलीस प्रमुखानं १९०३ मध्ये १८५० धुनांचा संग्रह छापला. त्यातल्या बहुतेकींचा कर्ता अज्ञात, म्हणजेच मालक सगळे. रील असो की जिग, धुनेचा साचा बहुधा ठरलेला: आठ मात्राखंडांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, दोन-तीन आवर्तनं झाली की न थांबता दुसरी धून. त्यामुळे हा साठा ज्याच्या बोटांत आहे तो कुठूनही आला तरी रात्रभर वाजवू शकतो, आणि ज्याच्या बोटांत तो अजून नाही तो दोन धुना वाजवून बाकी वेळ कान देऊन बसतो. नियम कुणी भिंतीवर लावलेले नसतात. टेबलाशी बसायच्या आधी डोळ्यांनी विचारायचं. येत नसलेली धून चाचपडत वाजवायची नाही. कुणी गाणं म्हणायला घेतलं की गप्प. गावातला सगळ्यांत मुरलेला फिडलवाला आणि काल शिकायला लागलेली शिक्षिका एकाच बाकावर बसतात, प्रवेशशुल्क नाही, परीक्षा नाही. संगीत महाविद्यालयाला किंवा रंगमंचाला हे जमेल का? कोल्तसच्या वर्गांनी आणि स्पर्धांनी हजारो मुलं तयार केली, त्याबद्दल आदरच आहे. पण स्पर्धेत शेजारचा हा प्रतिस्पर्धी असतो.

पैशाचा मुद्दा अधिक अवघड आहे, आणि परंपरेचे कैवारी तो फार सहज उडवून लावतात. मालक बियर विकतो, पर्यटन खातं जाहिरातीत फिडल दाखवतं, आणि ज्याच्या हातात फिडल आहे त्याला दोन पाइंट आणि 'वा वा'. हा अन्याय नाही तर काय? आज बहुतेक नियमित सेशनांत तोड अशी निघाली आहे की दोन-तीन वादकांना मालक पैसे देतो, ते ठरल्या वेळी हजर राहतात, बाकीचे येतील तसे येतात. यात काही पाप नाही. भाड्यानं आणलेल्या दोघांमुळे ओल्या नोव्हेंबरातल्या मंगळवारीही टेबल मांडलं जातं, हा उपकारच. 'पैसा आला की संगीत बाटलं' म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं की घरगुती नाचात फिडलवाल्यासाठी वर्गणी फिरायची आणि ओ'कीफ शिकवणीचे पैसे घ्यायचा. भूक सगळ्याच काळातल्या वादकांना लागत होती. प्रश्न असा विचारावा: पैसे कशाचे दिले जातात? सेशन सुरू करण्याचे असतील तर ठीक. गिऱ्हाइकांना हवं ते, हवं तेव्हा, हव्या त्या आवाजात वाजवण्याचे असतील तर खुर्च्या हळूहळू बाहेरच्या बाजूला वळतात, मायक्रोफोन येतो, आणि मायक्रोफोन आला की टेबलाशी बसायला आलेल्या तिसऱ्या-चौथ्याला जागाच उरत नाही, कारण त्याच्यासमोर माइक नाही. माझ्या मते खेड्यातलं सेशन मोडायला सर्वांत कारणीभूत वस्तू कुठली, तर हीच. पर्यटक फार तर दोन तास बसतो. माइकची तार कायमची बसते. वादकाच्या पोटाची सोय पबाबाहेर करता येते, आणि आयरिश सरकारनं ती एका परीनं करूनही पाहिली: २०२२ च्या योजनेत दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो मिळू लागले, कुठं आणि कुणासाठी वाजवता हे न विचारता. माणसाला पैसे मिळाले, मैफलीला नाही. हीच दिशा बरोबर आहे.

पर्यटकांबद्दल मी फार लिहिणार नाही. क्लेअरच्या किनाऱ्यावरचं डूलिन हे छोटंसं गाव बाहेरच्या पाहुण्यांमुळे जगाला ठाऊक झालं, आणि तिथं रात्री दिवे लागतात ते त्यांच्याच जिवावर. उन्हाळ्यातला पाहुणा हिवाळ्यातल्या सेशनचं भाडं भरतो. क्लेअरमधल्याच मिल्टाउन मालबेला १९७३ पासून दर जुलैत विली क्लॅन्सी या पायपरच्या नावाची संगीतशाळा भरते. सकाळी वर्ग, संध्याकाळी गावातला प्रत्येक पब भरलेला. त्या गर्दीत परदेशी किती आणि गावचे किती हे मोजत बसण्यात अर्थ नाही, कारण त्यातले पुष्कळ परदेशी फिडल घेऊन आलेले असतात. कान देणारा पाहुणा आणि हातात वाद्य असलेला पाहुणा, दोघंही चालतात. न चालणारा तो मालक, जो या दोघांपेक्षा फोनवर चित्रण करणाऱ्या तिसऱ्यासाठी खोली सजवतो.

दारूचा मुद्दा मात्र पबप्रेमींना टाळता येणार नाही, आणि त्यांनी तो फार काळ टाळला आहे. स्वयंपाकघरात आजी, सून, पोरं सगळी होती. फिडल वाजवणाऱ्या बायका होत्या, पोरं कोपऱ्यात बसून ऐकता ऐकता शिकायची. पब ही खेड्यात पुरुषांची जागा. संगीत तिथं गेलं तेव्हा अर्धं गाव दाराबाहेर राहिलं. किलरशची कॉन्सर्टिना वाजवणारी मिसेस क्रॉटी नवऱ्यासोबत स्वतःच पब चालवत होती म्हणून तिचं नाव झालं. ज्यांच्या मालकीचा पब नव्हता त्यांचं काय झालं हे कुठं लिहिलेलं नाही. ती भिंत आता बरीच पडली आहे, टेबलाशी मुली मुलांइतक्याच दिसतात. दारूनं खाल्लेल्या वादकांची यादी मात्र कुठल्याही देशातल्या मैफलवाल्यांच्या यादीइतकी लांब आहे. हे सगळं कबूल करूनही मी विचारतो, की दुसरी जागा कुठली? चर्चचं सभागृह रात्री बंद. घरं टीव्हीसमोर बसलेली. २००५ पासून आयर्लंडमधले दोन हजारांहून जास्त पब बंद झाले, त्यात खेड्यातले पुष्कळ, आणि तिथलं टेबल दुसऱ्या दिवशी कुणाच्या स्वयंपाकघरात आपोआप मांडलं गेलं नाही. करोनाच्या काळात तर प्रयोगच झाला. डब्लिनबाहेरचे, जेवण न देणारे पब २०२० च्या मार्चपासून सप्टेंबरपर्यंत बंद होते, तेव्हा वादकांनी पडद्यावर सेशन करून पाहिलं. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यानं रील कोसळते, म्हणून एकानं वाजवायचं आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद करून साथ धरायची अशी वेळ आली. त्याला मैफल म्हणता येईल, सेशन नाही.

ज्युनियर क्रीहनकडे पुन्हा जाऊ, कारण पहिल्या भाषणवाल्यांचा तो लाडका साक्षीदार आहे. घरगुती नाच मेले म्हणून रडलेला हाच माणूस पुढे रविवारच्या रात्री क्लेअरमधल्या कूरला ग्लीसनच्या पबात फिडल घेऊन बसायचा, आणि तिथं लोक सेट नाचायचे. खेड्यातला छोटा पब, मालकाला संगीताची आवड, फरशीवर नाचायला जागा. त्यानं नव्या जागेत जुनं घर लावलं. मग आज आपण पबाला हात न लावण्याचा हट्ट का धरावा? आयरिश पायपिंग २०१७ मध्ये आणि हार्प २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं. सेशनलाही तिथं बसवा, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. बसवा हवं तर. फलक लावायला पर्यटन खात्याला आवडेलच. पण खरी अडचण यादीत नाही, मद्यपरवान्याच्या कायद्यात आहे. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांना सहसा रात्री नऊनंतर, मे ते सप्टेंबरात दहानंतर, बारमध्ये थांबता येत नाही. कायद्याचा हेतू चांगला आहे आणि पोरांना गुत्त्यात रात्र काढू द्या असं माझं म्हणणं नाही. पण आईबापांसोबत, हातात फिडल घेऊन, टेबलाशी बसलेल्या मुलीला सूट देणारं एक कलम लिहिणं इतकं कठीण आहे का? तेही नको असेल तर रविवार दुपारची सेशनं वाढवणाऱ्या मालकाला परवाना शुल्कात सवलत द्या. आज स्थिती अशी की ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकलेली सोळा वर्षांची मुलगी रंगमंचावर चालते, टीव्हीवर चालते. गावच्या पबात सेशन सुरू होतं साडेनऊला, आणि हिवाळ्यात तिला नऊ वाजता उठून जावं लागतं.